अ‍ॅकिलचे ओसाड गाव आणि भाकरीची अट

शास्त्रभाग : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ६ वा

आयर्लंड देशाच्या अगदी पश्चिमेस, मेयो परगण्यात, अ‍ॅकिल नावाचे एक बेट आहे. आता ते बेट म्हणावयाचे नावापुरतेच. कारण १८८७ सालापासून खाडीवर पूल झाला असून गाडीरस्त्याने थेट तेथे जाता येते. बेटावर वस्ती अडीच हजारांच्या आसपास. जमीन बहुतेक दलदलीची व खडकाळ; झाडे विरळ; वारा मात्र अखंड. दलदलीतील काळी माती विटांसारखी कापून, वाळवून, ती चुलीत जाळण्याची तेथे जुनी चाल आहे. ह्या बेटावर स्लीव्हमोर नावाचा सुमारे ६७१ मीटर उंचीचा एक डोंगर आहे. त्याच्या दक्षिणेकडील उतारावर एक गाव आहे, आणि त्या गावात मनुष्य नाही.

आम्ही तेथे गेलो तो दिवस पावसाचा होता. पावसाचा नसलेला दिवस तेथे थोडकाच. डोंगराच्या पायथ्यास एक जुनी पायवाट सुमारे मैलभर गेली आहे, आणि तिच्या कडेने ऐंशी ते शंभर घरांच्या भिंती उभ्या आहेत. चुना नाही, गारा नाही. दगडावर दगड बसवून रचलेल्या ह्या भिंती. वर छप्पर नाही. दारातून आत पाऊल टाकावे तो आत गवत व मेंढ्या. बहुतेक घरे एकखणी. एका टोकास चुलीशी माणसे आणि दुसऱ्या टोकास बांधलेली गाय, असा संसार येथे चालत असे. आमच्या खेड्यांतील वाचकांस ह्याचे नवल वाटावयाचे नाही. थंडीच्या दिवसांत जनावराची ऊब किती मोलाची असते हे त्यांस ठाऊक आहे.

घरांहूनही आमच्या मनास लागले ते डोंगरउतारावरील वरंबे. तिरपे ऊन पडले म्हणजे हे वरंबे सरळ रेघांसारखे स्पष्ट उठून दिसतात. समुद्रातील शेवाळ पाठीवरून वाहून आणावयाचे, ते खत म्हणून पसरावयाचे, बाजूची माती कुदळीने त्यावर उलटवावयाची आणि त्यात बटाटे लावावयाचे, अशी ती शेती होती. पेरणारे गेले, त्यांचे वंशज अमेरिकेत व इंग्लंडात विखुरले, तरी दीडशेहून अधिक वर्षांचा पाऊस ते वरंबे पुसू शकला नाही.

गाव कशाने ओस पडले, असे विचारले तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. उपासमार हे एक कारण. खंड थकल्यामुळे झालेली हकालपट्टी हे दुसरे. आणि मासेमारी करून पोट भरावे म्हणून किनाऱ्यावरील डूआ गावी झालेले स्थलांतर हे तिसरे. पुढे पुष्कळ वर्षे लोक उन्हाळ्यापुरती गुरे घेऊन येथे येत व ह्याच घरांत राहत. विसाव्या शतकात तीही चाल मोडली. परंतु ह्या गावाच्या कथेत भाकरीचा व धर्माचा एक प्रश्न गुंतला आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांच्या दाराशी येऊन ठेपणारा आहे, म्हणून हा लेख.

ह्या ओस गावापासून थोड्याच अंतरावर, त्याच डोंगराच्या कुशीत, डूगर्ट नावाचे गाव आहे. तेथील एका भागास अजून 'कॉलनी' असेच म्हणतात. १८३१ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अन्नाची टंचाई पडली, तेव्हा मदतीची सामग्री घेऊन जाणाऱ्या एका आगबोटीतून एडवर्ड नँगल नावाचे एक प्रॉटेस्टंट पाळक ह्या बेटावर आले. येथील दारिद्र्य व अज्ञान पाहून त्यांचे अंतःकरण द्रवले. जमीनदाराकडून त्यांनी ओसाड, दलदलीची जागा भाडेपट्ट्याने मिळविली आणि १८३४ साली ते सहकुटुंब तेथे राहावयास गेले. दलदल खणून शेत केले. घरे, शाळा, अनाथालय, दवाखाना उभारला. छापखाना नेला आणि १८३७ सालापासून एक मासिकपत्र काढले. बेटावरील लोक आयरिश भाषा बोलत. नँगलसाहेबांनी ती भाषा कष्टाने शिकून तीत उपदेश केला. डब्लिनमधील डॉक्टर नीसन अ‍ॅडम्स हे आपला चांगला चाललेला धंदा सोडून त्यांच्या मदतीस आले. नँगलसाहेबांच्या पत्नी एलायझा ह्यांनी त्या गारठ्यात आपली अनेक तान्ही मुले मातीआड केली आणि १८५० साली त्या स्वतःही मरण पावल्या. ह्या लोकांचा त्याग खोटा होता असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

तथापि पुढील गोष्ट सांगितल्यावाचून राहणेही बरोबर नाही. बेटावरील लोक रोमन कॅथोलिक होते. त्या काळी कायद्याने आयर्लंडात प्रॉटेस्टंट चर्च हे राजसत्तेचे चर्च होते आणि गरीब कॅथोलिक कुळासही त्या चर्चच्या पोटासाठी दशमांशाचा भार सोसावा लागे. ज्याच्या उपासनेस आपण कधी जात नाही त्याच्यासाठी आपल्या तुटपुंज्या पिकातून पैसा द्यावयाचा, ही जखम आधीच होती. तीवर नँगलसाहेबांचे मासिकपत्र महिन्यामागून महिना मीठ चोळीत असे. शेजाऱ्याच्या धर्मविधींची थट्टा, त्याच्या धर्मगुरूंस बोचरे शब्द, हे त्या पत्रात सर्रास येई. आम्हीही कागदावर शाई उमटविणारेच आहोत; शाई वाळली तरी शब्द ओला राहतो, हे आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानात धरावे. दुसऱ्या बाजूस ट्यूअमचे कॅथोलिक आर्चबिशप जॉन मॅकहेल हे १८३५ साली बेटावर आले. त्यांनी ह्या मिशनाशी उघड सामना मांडला. विरुद्ध शाळा निघाल्या. कॉलनीतील लोकांशी कोणी देवघेव करू नये, असा दंडक पडला. एका लहानशा बेटावर, एकाच तारणाऱ्याचे नाव घेणाऱ्या दोन मंडळ्या एकमेकींस मीठमिरचीही विकेनात! (कॅप्टन बॉयकॉट, ज्याच्या नावावरून इंग्रजीत 'बहिष्कार' ह्या अर्थाचा शब्द १८८० साली रूढ झाला, तो गृहस्थ आधी काही वर्षे ह्याच बेटावर राहत होता. शब्द पुढे आला, परंतु कृती बेटास आधीपासूनच माहीत होती.)

आणि मग १८४५ साल उजाडले. बटाट्याच्या पानांवर एक बुरशी पडली. पाने काळी झाली. जमिनीतील बटाटे कुजून त्यांस दुर्गंधी सुटली. त्या वर्षी पिकाचा काही भाग हातचा गेला. १८४६ साली जवळजवळ सर्वच गेला. गरीब आयरिश कुटुंबाच्या ताटात बटाट्यावाचून दुसरे अन्न क्वचितच असे, ह्यावरून काय घडले असेल ते वाचकांनी ताडावे. आयरिश भाषेत ह्या दुष्काळास 'मोठी भूक' असे म्हणतात. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ साली ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाने मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. एकट्या मेयो परगण्यात सुमारे ३,८९,००० ची २,७५,००० झाली. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी व गुरे इंग्लंडास रवाना होत होती.

सरकारी मदतीची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेलियन हे पूर्वी बंगालात कंपनीच्या नोकरीत होते व पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. ह्या गृहस्थांनी त्या दुष्काळाकडे परमेश्वराची योजना म्हणून पाहिले. बंधूंनो, कोठारात धान्य असता शेजारी मेला आणि ते परमेश्वराच्या नावावर मांडले, तर परमेश्वराच्या खात्यावर खोटी रक्कम लिहिल्यासारखे होते. १८४७ साली सरकारने फुकट सुपाची अन्नछत्रे उघडली आणि त्या वर्षीच्या जुलैत तीस लाख माणसांस रोज अन्न मिळत होते. म्हणजे मनात आले तर करता येत होते. परंतु शरद ऋतू येताच ती छत्रे बंद झाली, आणि नव्या कायद्याने अशी अट घातली की ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल त्यास मदत मिळणार नाही. पोटासाठी जमीन सोडा, नाहीतर जमीन धरून मरा.

सरकारने जमिनीची अट घातली. मिशनाने कोणती घातली? येथेच खरा प्रश्न आहे. अ‍ॅकिलच्या मिशनाने धान्य आणविले, शेकडो लोकांस काम दिले, शाळांतून मुलांस रोज जेवण दिले. ह्या अन्नाने जीव वाचले, ह्यात संशय नाही. परंतु जेवण होते ते शाळेत, आणि शाळा होती ती प्रॉटेस्टंट शिक्षणाची. भुकेले मूल जेवावयाचे असेल तर त्यास त्या शाळेत बसवावे लागे. 'धर्म बदल, मग वाटी पुढे कर,' असे कोणी तोंडाने म्हटले नसेलही. परंतु वाढण्याचा दरवाजा आणि धर्माचा दरवाजा एकच असला म्हणजे भुकेल्यास निराळे सांगावे लागत नाही. दुष्काळाच्या वर्षांत कॉलनीतील शाळा व मंदिर भरून गेले. दुष्काळ ओसरल्यावर पुष्कळजण मागे फिरले. जे राहिले त्यांस शेजारी 'सूपवाले' म्हणून हिणवू लागले. आज इतक्या काळानंतरही आयर्लंडात 'त्याने सूप घेतले' असे म्हटले म्हणजे तो मनुष्य आपल्या लोकांस विकला गेला, असा त्याचा अर्थ होतो.

नँगलसाहेब १८५२ साली बेट सोडून गेले. त्याच सुमारास मिशनाने बेटाचा मोठा भाग विकत घेतला आणि जो भाकर देणारा होता तोच खंड मागणारा झाला. आमच्या मते मिशनाची ही चूक पहिलीहून मोठी. १८५५ साली बांधलेले संत थोमाचे मंदिर डूगर्ट येथे आजही उभे आहे. पण ज्या मिशनासाठी ते उभारले ते मिशन १८८० च्या दशकापर्यंत विझून गेले.

ह्याच काळात दुसऱ्या रीतीनेही भाकर वाटली गेली, ती नोंद झाली पाहिजे. क्वेकर पंथाच्या मंडळींनी १८४६ च्या नोव्हेंबरात डब्लिन येथे मदतसमिती स्थापिली. त्यांनी कढया धाडल्या, धान्य धाडले, बियाणे धाडले. घेणाऱ्याचा धर्म विचारला नाही आणि आपला सांगितला नाही. तेही प्रॉटेस्टंटच. आयर्लंडातील कॅथोलिक घरांत त्यांचे नाव आजपर्यंत आदराने घेतले जाते. असेनाथ निकल्सन नावाची एक अमेरिकन विधवा पायी हिंडून आयरिश गरिबांस पवित्र शास्त्राच्या प्रती देत असे. १८४५ साली तिने अ‍ॅकिलची कॉलनी पाहिली आणि तेथील मजुरीविषयी व मुलांच्या शिक्षणाविषयी स्पष्ट नापसंती लिहिली. त्यावर नँगलसाहेबांच्या पत्राने तिच्यावरच संशयाचे शिंतोडे उडविले. दुष्काळ पडताच ही बाई परत आयर्लंडात आली, डब्लिनच्या एका गरीब गल्लीत तिने स्वतःची चूल मांडली, आणि पुढे मेयो परगण्यातही जाऊन मरणोन्मुख लोकांची सेवा केली. आणि हेही सांगू की १८४६ साली आमच्याच देशातून, कलकत्त्याहून, आयरिश भुकेल्यांसाठी वर्गणी रवाना झाली होती.

आता शास्त्राकडे वळू. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने पाच हजारांस जेवू घातले. त्यांना गवतावर बसविले, आभार मानले, वाढले. त्यापूर्वी कोणाचे नाव टिपले नाही, कोणाकडून कबुली घेतली नाही. तृप्त झालेले लोक त्यास बळेच राजा करू पाहत होते. भाकरीच्या जोरावर राज्य मिळविण्याची ह्याहून सोपी संधी कोणती? परंतु प्रभू एकटाच डोंगरावर निघून गेला. अ‍ॅकिलच्या कॉलनीत हे वचन पुष्कळदा वाचले गेले असेल. भाकरीमुळे मिळालेली माणसे प्रभूने आपल्या यादीत धरली नाहीत, ह्या गोष्टीपाशी वाचणारा थांबला असता, तर शाळेचे जेवण शाळेच्या बाहेर, सर्वांच्या अंगणात मांडले गेले असते.

दुसऱ्या दिवशी तेच लोक सरोवराच्या पलीकडे प्रभूस शोधीत आले. तुम्ही माझ्यासाठी आला नाहीत, जेवलात म्हणून आला आहात, हे त्याने त्यांस तोंडावर सांगितले. येथे दोन गोष्टी पाहा. त्याने ते ओळखले. आणि ओळखूनही त्यांस हाकलले नाही. त्याच पोटार्थी लोकांपुढे त्याने आपल्या जीवनाच्या भाकरीचे गूढ उघड केले. ते बोलणे त्यांस कठीण वाटले, पुष्कळजण निघून गेले, आणि त्याने त्यांस जाऊ दिले. कालची भाकर परत मागितली नाही. मग बारा शिष्यांसही विचारले की तुमचाही जाण्याचा विचार आहे काय? म्हणजे जाण्याची वाट जवळच्यांसाठीसुद्धा उघडी होती. ती उघडी होती म्हणूनच पेत्राच्या राहण्यास किंमत आली.

प्रिय बंधुभगिनींनो, हे सर्व आम्ही दूरदेशीची कथा म्हणून लिहीत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा, ह्या वर्षांशी महाराष्ट्रातील कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ जोडलेला आहे. मिशनांनी अनाथालये उघडली, कामे काढली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली केडगावी आणल्या. आणि तेव्हापासून आजतागायत चावडीवर, शाळेत, सोयरीक जुळविताना हा टोमणा ऐकू येतो की ह्यांच्या आज्याने पोटासाठी धर्म सोडला. वसईकडे तर विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कित्येक तरुण ह्या टोमण्याने खाली मान घालतात. काही जण रागाने सांगतात की आमचे पूर्वज निव्वळ सत्याच्या शोधात आले, पोटाचा त्यात संबंध नव्हता.

आमचे मत असे की मान खाली घालण्याचे कारण नाही आणि असत्य सांगण्याचेही नाही. तुझा पणजोबा भाकरीसाठी आला असेल. तीन दिवस चूल पेटली नसता मनुष्य जेथे धूर दिसेल तेथे जातो. यहूदी लोक सरोवर ओलांडून असेच आले होते, आणि प्रभू त्यांच्याशी बोलला. आलेला का आला, हे त्या वर्षीच्या पावसास विचारावे. राहिलेला का राहिला, हे मात्र त्याचे त्यास विचारावे लागते. पाऊस परतला, शिवार पिकले, मिशनाचे धान्य बंद झाले, गावाने पाणवठा तोडला, भावकीने लग्नाचे आमंत्रण तोडले. तरी जो रविवारी उपासनेस येऊन बसला, त्यास सुपाने धरून ठेवले नव्हते. अ‍ॅकिलमध्येही असे काही राहिले. त्यांस दोन्हीकडून बोलणी बसली, आणि त्यांच्यातील पुष्कळांनी शेवटी आगबोटीची वाट धरली. इतिहासाने त्यांची नावे जपली नाहीत.

ह्याबरोबरच देणाऱ्याच्या हाताचाही विचार हवा, कारण आता आमच्या मंडळ्याही देणाऱ्या झाल्या आहेत. टंचाईच्या वर्षी मंडळीतर्फे धान्य वाटले जाते, नाताळात घोंगड्या वाटल्या जातात, वसतिगृहात मुले घेतली जातात. हे वाटप कोठे होते? उपासना संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर, की गावाच्या पारावर? यादी कोण करतो, आणि तीत मंडळीबाहेरच्या विधवेचे नाव असते काय? घेणाऱ्यास आधी प्रार्थनेस बसावे लागते काय? छायाचित्र काढताना त्याच्या हातात घोंगडीबरोबर पुस्तकही दिले जाते काय? पुस्तक द्यावे, अवश्य द्यावे, निकल्सनबाईनेही दिले. परंतु ज्या दिवशी घोंगडी दिली त्या दिवशी न देता, तो मनुष्य पोटभर जेवून, अंगावर पांघरूण घेऊन, मोकळ्या मनाने तुमच्या दारी येईल व 'हे तुम्ही का केलेत?' असे विचारील, त्या दिवशी द्यावे. तो कधीच आला नाही, तरी घोंगडी त्याचीच.

येत्या टंचाईपूर्वी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी पाळकांसह एकदा बसून ह्या वाटपाची जागा, वेळ व यादी ठरवावी, आणि यादी करणाऱ्यांत गावातील एक तरी परधर्मीय वडीलधारा घ्यावा, अशी आमची विनंती आहे.